पावाच्या गाडीचा दरवाजा

जबाब
पोलीस ठाणे पिंपरी, खंडेनवमी, सन १९७८, दुपारी

माझे नाव शौकत हुसेन तांबोळी, वय ४४ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कासारवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझी आई खातूनबी व पत्नी ताजुन्निसा यांच्यासह राहतो. घराला लागून रस्त्याच्या बाजूला माझे गॅरेज आहे. हे गॅरेज भिवा मिस्त्री यांनी सुरू केले. ते माझे उस्ताद. ते वारल्यापासून मी एकटा चालवतो. पाटीवर अजून दोघांची नावे आहेत.

रहाटणी येथील आबाजी सोनबा तापकीर यांना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. त्यांची जमीन कारखान्यासाठी गेली. मोबदल्याच्या पैशातून त्यांनी एका बेकरीची जुनी व्हॅन घेतली व तिच्यात बाक बसवून कंपनीतील बायकांना पहिल्या पाळीला नेण्या-आणण्याचे काम धरले. गाडी ते स्वतः चालवतात. गाडीची दुरुस्ती माझ्याकडे असते.

गाडीबद्दल विचारल्यावरून सांगतो. तिला बाजूने एकच दरवाजा आहे व तो मागे सरकतो. मागची दोन्ही दारे आबाजींनी लांब बाक बसवताना वेल्डिंग करून बंद करून टाकली. खिडक्यांना गज आहेत. ड्रायव्हरची केबिन व मागचा भाग यांच्यामध्ये पत्रा असून त्यात जाळीची लहान खिडकी आहे. सरकत्या दरवाजाला आतून कडी नाही. ती पहिल्यापासून नव्हती, कारण ती पावाची गाडी होती आणि पावाला आतून उतरावे लागत नाही. आतून कडी बसवून घ्या असे मी आबाजींना सांगितले होते. ते म्हणाले, "आदी दरवाजा तर नीट सरकू दे, मग कडीचं बघू." त्यांचेही बरोबर होते.

दरवाजा नीट सरकत नसे. त्याचे खालचे चाक झिजले होते, त्यामुळे तो पट्टीतल्या खाचेत बसून राही. आबाजींची मुलगी शालन, वय २१, ही त्याच कंपनीत कामाला असून गाडीत सर्वांत आधी बसते. तिने दरवाजा उघडण्याची एक पद्धत बसवली होती. खांद्याने वर उचलायचा, मागे ओढायचा आणि खाली टाच मारायची. गाडीतल्या सगळ्या बायका तसेच करत. एकदा पावसाळ्यात टाच मारताना एका बाईची चप्पल गटारात गेली, तेव्हापासून त्या दरवाजाला सगळ्या जणी 'सासरा' म्हणतात. हे नाव मी ठेवलेले नाही.

काल दिवसभर मी तो दरवाजा उतरवून काम केले. नवीन चाक लेथवर करून आणले, आत बेअरिंग बसवले, पट्टी ठोकून सरळ केली व भरपूर नवे ग्रीस भरले. संध्याकाळी दरवाजा एका बोटाने सरकत होता. आबाजींनी तो इतक्या वेळा उघडला-मिटला की माझी आई घरातून ओरडली, "अब बस करो, नया है तो घिस डालोगे क्या?" आबाजी म्हणाले, "खातूनबी, आज पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलंय. ऐकू द्या की जरा."

आजच्या पूजेबद्दल सांगतो. आमच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. भिवा मिस्त्रींनी घालून दिलेली रीत आहे. पाने, पक्कड, जॅक, हातोडे सगळे धुऊन कापडावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. माझ्या बायकोचे म्हणणे आहे की वर्षातला तेवढा एकच दिवस मी जेवायला वेळेवर येतो. उस्ताद गेल्यावरही मी ही रीत मोडलेली नाही. या रस्त्याला असलेल्या सगळ्याच गॅरेजमध्ये आज असेच आहे.

सकाळी आबाजी गाडी घेऊन पूजेला आले. त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. नंतर ते म्हणाले, "बाकी गाडीनं मला कदी तरास दिला न्हाई. तरास दिला तो ह्या पठ्ठ्यानं. ह्याचीच पूजा खरी." असे म्हणून त्यांनी दरवाजाची वेगळी पूजा केली. दरवाजा उघडून पट्टीवर हळदकुंकू सोडले, मूठभर अक्षता वाहिल्या, खाचेत झेंडूची फुले खोचली आणि वरून नारळाचे पाणी शिंपडले. नंतर गुळाचा खडा चाकापाशी ठेवला.

मी ते पाहिले का, असे विचारल्यावरून सांगतो की पाहिले. ग्रीसमध्ये तांदूळ जातोय हेही पाहिले. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला मध्येच थांबवणे मला बरे वाटले नाही. त्यातून आज त्यांच्या घरी काय होते हे मला माहीत होते.

ते असे की, आज शालनला बघायला तळवड्याहून पाहुणे येणार होते. याआधी दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. दोन्ही वेळा मुलगी पसंत पडली पण तिने नोकरी सोडावी अशी अट आली, आणि शालनने नकार दिला. कंपनीने जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी दिली होती. आबाजींना मुलगा नाही. ती नोकरी शालनने घेतली. आबाजी मला म्हणाले होते, "शौकत, पोरगी माझी हट्टी न्हाई. पर ह्या खेपेला जमलं न्हाई तर गावात लोक तिला हट्टीच म्हनतील." त्यामुळे आज गाडी चांगली दिसावी व दरवाजा चांगला सरकावा असे त्यांना फार वाटत होते. पाहुण्यांना आणायला ते स्वतः तळवड्याला जाणार होते.

पूजेनंतर दरवाजा मिटून ते गेले. मी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला व बाजेवर पडलो.

दुपारी साधारण बाराच्या सुमारास ती गाडी हॉर्न वाजवत माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. हॉर्नपेक्षा आतल्या माणसाचा आवाज मोठा होता. "आम्हाला डांबलंय! पळवून न्यायलेत! आरं, कुनीतरी पोलिसास्नी कळवा!" असे एक फेटेवाले गृहस्थ खिडकीच्या गजातून रस्त्याकडे बघून ओरडत होते. हे तक्रारदार कोंडाजी भालेकर, राहणार तळवडे. त्यांना मी यापूर्वी पाहिलेले नव्हते. त्यांच्यासोबत आत त्यांचा पुतण्या भीमराज, वय २६, व भीमराजची आई आक्काबाई होती. भीमराजचे वडील नाहीत, म्हणून बोलणी करायला चुलते आले होते.

केबिनमधून आबाजी उतरले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. त्यांच्या मागून शालन उतरली. ती मुलगी बघायला येतात तेव्हा नेसवतात तशी जरीची साडी नेसलेली होती व तिच्या हातात पोह्यांचे झाकलेले पातेले आणि त्यात खोचलेले उलथने होते. मी विचारले, "आबा, हे काय?" आबाजी म्हणाले, "तळवड्यात तिघं बसली तवा बोटानं मिटला रे. आन दारात उतरवायला गेलो तर हालंना. सगळी आळी लावली ओढायला. पाव्हनं गाडीत आन पोरगी वट्ट्यावर! आता तूच बघ."

शालनला सोबत कशाला आणले असे मी विचारले नाही. ती स्वतःच म्हणाली, "चाचा, आबा नको नको म्हणत होते. पण हा दरवाजा रोज मी उघडते. आणि पोहे निवले असते."

मी हाताने ओढून पाहिले. दरवाजा हलला नाही. वाकून पट्टीत बघितले तर ग्रीस, तांदूळ, हळद, गूळ व झेंडूच्या पाकळ्या यांचा लगदा होऊन नवीन चाक त्यात घट्ट रुतले होते. शालनने खांदा लावून टाच मारून पाहिली. तीही लागू पडली नाही, कारण आधीचे चाक झिजून सैल होते व माझे नवे चाक पट्टीत अगदी बेताचे बसत होते. म्हणजे दरवाजा मी चांगला केला म्हणूनच तो उघडत नव्हता. हे मी आबाजींना समजावून सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

हत्यारांबाबत विचारल्यावरून सांगतो. खालची पट्टी दोन बोल्टवर आहे. पाना घेतला असता तर ती सोडवता आली असती. मी पूजेकडे बघत उभा राहिलो. आबाजी म्हणाले, "आरं, माझी सोयरीक गाडीत कोंडलीय, आन तू पान्याकडं बघत काय बसलायस? उचल की!" मी उस्तादांची माफी मागून पुढे झालो होतो. तेवढ्यात खिडकीतून कोंडाजी ओरडले, "खबरदार! पूजंतलं हत्यार हलवायचं न्हाई! सोयरिकीचं बोलनं आन असला अपशकुन? आमच्या घरान्यात चालनार न्हाई."

मी म्हणालो, "मग काका, तुम्ही बाहेर कसे येणार?"

ते म्हणाले, "ते तुमी बघा. हत्यार न लावता काढा."

हे शब्द भीमराज व आक्काबाई यांनीही ऐकले आहेत. आक्काबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी पूजा उतरली की मग उतरायचं का आपन?" जिवाला धोका असता तर मी कोणाचेही न ऐकता पाना उचलला असता. परंतु आत वारा येत होता, बसायला बाक होते आणि पोहे पोचणार होते.

पोहे देण्याबाबत अडचण आली, कारण बशी गजातून आत जात नव्हती. शालनने उलथन्यावर पोहे घेऊन ते आडवे आत सरकवले. आतून आक्काबाईंनी पदर धरला. मग शालनने घरातून माझ्या बायकोकडून केळीचे पान मागून आणले, ते गुंडाळून आत दिले व त्यावर एकेक उलथने वाढले. आक्काबाई म्हणाल्या, "लिंबू आसंल का ग बाई?" पूजेची लिंबे सकाळीच गाडीच्या चाकांखाली चिरडली होती. म्हणून घरातून दिले.

पोहे खाऊन कोंडाजी जरा शांत झाले. ते म्हणाले, "दरवाजा उघडो न उघडो, रीत सोडायची न्हाई. इथूनच ईचारून घेतो. मुली, हिकडं म्होरं ये. नाव काय तुझं?"

शालन खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिने पदर कमरेला खोचलेला होता व हातात उलथने होते. ती म्हणाली, "शालन आबाजी तापकीर."

"शिक्षान?"

"मॅट्रिक. गणितात राहिले होते, ऑक्टोबरला सुटलं."

"सैपाक येतो का?"

"काका, तुमच्या तोंडात काय आहे?"

यावर आक्काबाईंना हसताना मिरचीचा ठसका लागला. भीमराजने त्यांच्या पाठीवर थोपटले. आबाजी माझ्या कानात म्हणाले, "गेलं. हेबी गेलं." मी त्यांना पाणी दिले.

त्यानंतर कोंडाजी म्हणाले, "ते ठीक हाय. पर नोकरी सोडावी लागंल. आमच्यातल्या सुना कंपनीत जात न्हाईत."

शालन म्हणाली, "काका, तुम्ही तिला नोकरी म्हणता. ते आमचं शेत हाय. वरचा मळा गेला त्याच्या बदली मला मशीनवर उभं केलंय. लग्न करायचं तर मळा टाकून ये, असं तुम्ही कुठल्या पोराला सांगाल का?"

आबाजी त्या वेळी रस्त्याकडे तोंड करून उभे होते. ते का तसे उभे राहिले हे मला सांगता येणार नाही.

कोंडाजींनी फेटा सारखा केला व म्हणाले, "आमाला आजून भोसरीला दुसरी मुलगी बघायची हाय. ती माझ्या मेव्हन्याची हाय. घरची, शांत." मग ते पुन्हा रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी गेले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ओरडू लागले. एक सायकलवाला थांबला. त्याला त्यांनी सांगितले की भोसरीला जाऊ नये म्हणून आपल्याला मुद्दाम कोंडले आहे. तो सायकलवाला ठाण्यात आला असावा.

दरवाजा सोडवण्यासाठी आम्ही जे केले ते असे. ताजुन्निसाने कढत पाणी आणून दिले. मी ते थोडे थोडे पट्टीत सोडत होतो, म्हणजे ग्रीस पातळ होईल. शालनने उलथन्याच्या कडेने खाचेतला लगदा उकरायला घेतला. ते उलथने पूजेत नव्हते, त्यामुळे कोंडाजींची हरकत नव्हती. परंतु दरवाजाचा सगळा भार चाकावर असल्यामुळे चाकाखालचा तांदूळ निघेना. बाहेरून उचलायला हाताने धरण्याजोगी जागा नाही. आतून दरवाजाला एक आडवी पट्टी आहे.

शालनने खिडकीतून भीमराजला सांगितले, "अहो, तुम्ही आतून वर उचला. मी खालून काढते."

भीमराज बाक ओलांडून आला, गुडघ्यावर बसला व आडवी पट्टी धरून उचलू लागला. दोघांमध्ये पत्रा होता, परंतु दरवाजाच्या काचेतून एकमेकांची तोंडे दिसत होती. काच खाली एका कोपऱ्यात फुटलेली असल्याने बोलणे नीट ऐकू येत होते.

शालनने विचारले, "कुठल्या खात्यात आहात?"

"पेंट शॉप. मोटारींचे दरवाजे रंगवतो."

"दरवाजांचं काम करता आणि उघडता येत नाही?"

"आमच्याकडं येतात तेव्हा ते कशालाच लावलेले नसतात," असे भीमराज म्हणाला.

मी पाणी सोडत तिथेच बसलेलो असल्याने हे ऐकले. मुद्दाम ऐकले नाही.

थोड्या वेळाने आपले हवालदार सायकलवरून आले व शिट्टी वाजवून म्हणाले, "कोण कोणाला कोंडलंय?" त्याच वेळी शालनने दरवाजाला एक बोट लावले व दरवाजा सरळ मागे गेला. कोंडाजी सर्वांत आधी उतरले आणि हवालदारांना म्हणाले की आबाजी व मी दोघांनी संगनमत करून दरवाजात खोट केली, त्यांना भोसरीला जाऊ दिले नाही, व ते लेखी तक्रार देणार. त्यानुसार आम्ही सगळे त्याच गाडीतून ठाण्यात आलो. येताना दरवाजा उघडाच ठेवला होता. कोंडाजी केबिनमध्ये बसले.

मला विचारण्यात आले की आबाजींनी दरवाजा मुद्दाम अडकवला का. माझे उत्तर नाही असे आहे. मुद्दाम अडकवायचा असता तर आधी नवे चाक बसवून घ्यायची गरज नव्हती. जुना आपोआप अडकत होता. त्यांनी केली ती पूजा होती. मी दरवाजात खोट केली का, असेही विचारण्यात आले. उत्तर नाही. माझे काम चांगले झाले होते. फार चांगले झाल्याने घोटाळा झाला. यापुढे पट्टीवर अक्षता वाहू नयेत, टपावर वाहाव्यात, असे मी आबाजींना सांगितले आहे व त्यांनी मान्य केले आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी पुढे विचारले की, "मी आलो आणि दरवाजा एका बोटाने उघडला. मग त्याआधी इतका वेळ का उघडत नव्हता?"

मी विचारले, "हेही लिहायचं का?"

हवालदार म्हणाले, "खरं असेल ते सांगा. जबाब आहे हा."

म्हणून सांगतो की, हवालदार येण्याच्या बऱ्याच आधी चाकाखालचा शेवटचा तांदूळ निघाला होता. तो मी स्वतः पाहिला. निघाल्यावर दरवाजा बोटभर मागे सरकला. शालनला ते दिसले. तिने माझ्याकडे पाहिले. मग तळहाताने तो परत पुढे केला व खाच उकरायला लागली. त्या ठिकाणी आता काही नव्हते.

आतून भीमराजनेही दरवाजा सरकलेला पाहिला असावा, कारण आडवी पट्टी त्याच्या हातात होती. तो मोठ्याने म्हणाला, "अजून अडकलंय."

कोंडाजींनी पलीकडच्या खिडकीतून विचारले, "काय अडाकलंय रं?"

भीमराज म्हणाला, "तांदूळ, काका. लई आहे."

त्यानंतर दोघे बोलत होते. तो म्हणाला, "डावीकडं थोडं बघा." तिने डावीकडे उकरले. त्याने विचारले मशीन कसले आहे. ती म्हणाली, "कॉइल भरायचं. तार केसाएवढी असते. तुटली की पहिल्यापासून." त्याने विचारले, "दिवसातून किती वेळा तुटते?" ती म्हणाली, "सुपरवायझर मागं उभा राहिला की जास्त." त्याने सांगितले की त्याचेही तसेच आहे, साहेब आला की रंगाचा ओघळ येतो. तिने विचारले की आईंचे गुडघे कधीपासून दुखतात. त्याने सांगितले. आक्काबाई बाकावरून म्हणाल्या, "सांग, दोनी सांग, उजवाबी." म्हणजे त्याही ऐकत होत्या.

मग भीमराजने विचारले, "नोकरी सोडाल का?"

शालनने विचारले, "तुम्ही सोडाल का?"

तो म्हणाला, "न्हाई."

ती म्हणाली, "मग झालं."

दरवाजा तिने बाहेरून व त्याने आतून धरलेला होता. मी कढत पाणी ओतत होतो, जरी त्याचा आता उपयोग नव्हता. पाण्याचे भांडे रिकामे झाल्यावर मी ताजुन्निसाला आणखी पाणी आणायला सांगितले. ती म्हणाली, "और कितना? गाडी धोनी है क्या?" मी तिला खुणेने घरात जायला सांगितले. शिट्टी वाजली तेव्हा दरवाजा उघडला.

आबाजींना यातले काही माहीत नाही. ते त्या वेळी कोंडाजींची समजूत काढत पलीकडच्या खिडकीशी होते व त्यांना विडी देत होते. तरी कोंडाजींना उशीर झाल्याबद्दल आबाजींना दोष देऊ नये.

ठाण्यात आल्यानंतरचे एक सांगतो. पायरीवर बसून आम्ही नंबरची वाट बघत असता भीमराजने आबाजींना विचारले, "मामा, पहिल्या पाळीला ही गाडी तळवड्यात किती वाजता येऊ शकेल?"

आबाजी म्हणाले, "तळवड्यात कशाला यील? तिथं पहिल्या पाळीला कोन हाय?"

आक्काबाई म्हणाल्या, "आता असंल की."

आबाजींना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते गाडीकडे गेले व दरवाजा पुसू लागले. तो अगोदरच स्वच्छ होता. शालन मान खाली घालून पातेल्यातले उरलेले पोहे उलथन्याने एका कडेला गोळा करीत होती.

कोंडाजींना हा बोलण्याचा प्रकार अद्याप कळलेला नाही. ते बाहेरच्या बाकावर बसून शिपायाला खंडेनवमीला हत्यार का हलवू नये हे समजावत आहेत. आक्काबाईंनी सांगितले आहे की त्यांना घरी गेल्यावर जेवताना सांगू, त्या वेळी ते ऐकतात. तक्रार मागे घेण्यास ते तेव्हा तयार होतील असे आक्काबाईंचे म्हणणे आहे. भोसरीला त्या स्वतः निरोप धाडणार आहेत.

दरवाजाला आतून कडी मी दसऱ्याला पूजा उतरवल्याबरोबर बसवून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला एकट्याला जवळ बोलावून हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. एवढीच विनंती की, कोंडाजी बाकावरून उठून घरी जाईपर्यंत तो पुन्हा मोठ्याने वाचू नये.

सही
शौकत हुसेन तांबोळी